शेजाऱ्याचा हातचा

रात्रीचे सव्वादहा. आमच्या सोसायटीतल्या तिसरी ‘ब’च्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठिणगी पडते. ‘वर्कशीटमधल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ३६ की ४२?’ दुसऱ्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं ४२ येतं. पाठोपाठ आयटीतल्या एका बाबांचं ३६, सोबत एक्सेलचा स्क्रीनशॉट. मग कुणाच्या तरी आजोबांचा आवाजी निरोप, की आमच्या वेळी असली गणितं नव्हतीच. साडेदहाला एकजण मूळ प्रश्नच चुकलाय असं सिद्ध करतो. पावणेअकराला एकमतानं ३६ ठरतं, अंगठे उठतात, हात जोडले जातात आणि सकाळी वर्गातल्या झाडून सगळ्या वह्यांत ३६ हजर.

शिक्षणतज्ज्ञ सांगतात, की प्राथमिक शाळेच्या गणितात मिळून प्रश्न सोडवण्याला उत्तेजन द्यायला हवं. अहो, उत्तेजन कसलं देताय? आमच्याकडे हे दणक्यात चालू आहे. फक्त मुलं तेव्हा झोपलेली असतात.

•

तीच मुलं सकाळी वर्गात जातात आणि वहीवर डावा हात आडवा घालून बसतात. ही मुद्रा तुम्हीही केली असेल. कोपर बाकावर, पंजा वहीच्या कडेला, मान खाली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्यावर पहारा. भरतनाट्यममध्ये नसेल, पण आमच्या शाळांत ही मुद्रा पिढ्यान् पिढ्या कुणी न शिकवता येते. शेजारच्यानं चुकून डोकावलं, की आरोळी: ‘बाईऽऽ, हा माझं बघतोय!’ बाई त्याला उठवून दुसऱ्या बाकावर बसवतात. गुन्हा काय, तर बघितलं.

आणि त्याच वेळी बाई फळ्यावर शिकवत काय असतात? हातच्याची वजाबाकी. बावन्नातून सत्तावीस. एककाच्या घरात दोन, त्यातून सात जात नाहीत. मग एकक काय करतो? रडत बसत नाही, क्लास लावत नाही. सरळ शेजारच्या दशकाकडे जातो. दशक एक दशक सुट्टा करून देतो. काम भागतं. त्याबद्दल दशकाला कुणी कोपऱ्यात उभं करत नाही, एककाच्या पालकांना चिठ्ठी जात नाही. आकड्यांना जी मुभा आहे, ती आकडेमोड करणाऱ्याला नाही.

पुस्तकातल्या बाकीच्यांचंही तेच. वरच्या इयत्तांत डोकावून बघा. आठ मजूर मिळून भिंत बांधतात. दोन नळ मिळून टाकी भरतात. तिसरा खालून गळतो, पण तोही गणितात धरलेला असतो, त्याला कुणी वर्गाबाहेर काढत नाही. दोघे मित्र भागीदारीत दुकान टाकतात आणि नफा वाटून घेतात. गणिताच्या अख्ख्या पुस्तकात एकटा पडलेला माणूस एकच: ते सोडवणारा.

हाच एकटा मोठा होतो, नोकरीला लागतो आणि हातचा राखून काम करतो. दहा-बारा वर्षं तेच तर शिकवलं. मग कंपनी त्याला दोन दिवस लोणावळ्याला नेते, दोरी ओढायला लावते, डोळे बांधून सहकाऱ्याच्या अंगावर पडायला सांगते. त्याला टीम बिल्डिंग म्हणतात. बिल रिसॉर्टचं. तिसरीत फुकट झालं असतं.

•

आता दिवस बदललेत, असं तुम्ही म्हणाल. कबूल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहकार्य आहे, संवाद आहे, चिकित्सक विचार आहे. धोरणात सगळंच आहे. शाळेत ते पोहोचतं तेव्हा त्याचं नाव ‘गटकार्य’ होतं.

गटकार्य असं असतं. वर्गाचे चार गट पाडायचे. गुलाब, मोगरा, जास्वंद आणि उरलेली मुलं झेंडू. प्रत्येक गटाला गटप्रमुख. गटप्रमुख म्हणजे ज्याला उत्तर आधीच येतं तो. मग तो सोडवतो, दोघं त्याचं उतरवतात, एक खडू आणायला जातो आणि एक फोटोत नीट दिसेल असा बसतो. सगळ्यांनी एकाच कागदाकडे बोट दाखवलं की फोटो काढायचा. फोटो अपलोड झाला, की सहकार्य संपलं. थोडक्यात, गटकार्य म्हणजे परवानगी काढून केलेली कॉपी.

यात मुलांचा दोष नाही. त्यांना दिलेला प्रश्न बघा: ४७ अधिक २५. यात चार डोक्यांनी काय करायचं? एक नारळ फोडायला वरात नेण्यासारखं झालं. ज्याला येतं त्याला दोन सेकंद लागतात, आणि ज्याला येत नाही त्याला त्या दोन सेकंदांत काहीच कळत नाही. मिळून सोडवायला आधी असा प्रश्न लागतो, जो एकट्याला सुटताना थोडा अडतो आणि ज्यावर भांडता येतं.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये हे कळलेली माणसं होती. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळा. मुलं जमिनीवर बसून, वस्तू हाताळत, एकमेकांशी बोलत शिकत होती. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला गेले. येताना काय आणलं? फरशीचा रंग. बघता बघता गावोगावच्या फरशांवर आकडे, चौकोन आणि सापशिड्या उमटल्या. त्या रंगलेल्या फरशीवर मुलं रांगेत, हाताची घडी घालून बसली. कॉपीला विरोध करणाऱ्या खात्यानं कुमठ्याची कॉपी केली, तीही शेजाऱ्याच्या वहीतलं फक्त शीर्षक उतरवावं तशी. काही ठिकाणी बोलणंही पोहोचलं. जिथं पोहोचलं तिथं फरशीचा रंग उडाला तरी काही बिघडलं नाही.

•

बाहेरच्या जगाचं फार बरं चाललंय असं नाही. ‘पिझा’ नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते. खायचा नव्हे, हा पंधरा वर्षांच्या मुलांच्या पोटात गोळा आणतो. २०१५ साली त्यात मिळून प्रश्न सोडवण्याची क्षमता मोजली. पन्नासहून जास्त देश-प्रदेश उतरले, सिंगापूर पहिलं आलं, आणि प्रत्येक ठिकाणी मुली मुलांच्या पुढे निघाल्या. इथपर्यंत छान. पण सहकार्य मोजलं कसं? प्रत्येक मुलाला एकेका संगणकासमोर बसवलं. गटातले बाकीचे सदस्य संगणकातच होते, आधी लिहून ठेवलेली वाक्यं बोलणारे. म्हणजे मूल माणसांशी किती जुळवून घेतं, हे बघण्यासाठी त्याला माणसांपासून दूर नेलं. असं सहकार्य आमच्याकडे बँकेच्या कस्टमर केअरला रोज मिळतं.

आणि मोठ्यांनी मिळून प्राथमिक गणिताचा प्रश्न सोडवायला घेतला तर काय होतं, तेही आपण बघितलंय. जून २०१९. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचनही आलं. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, ज्यांची हयात गणितात गेली. जुनं वाचन पुस्तकात जागेवरच होतं, हे त्या सांगत राहिल्या. सांगणं ऐकायला वेळ कुणाला? वाहिन्यांवर पॅनेलं बसली, विधानसभेत चर्चा झाली, मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोट्या झाल्या. अख्ख्या महाराष्ट्रानं एक आठवडा दुसरीचं गणित केलं. सगळे बोलले, ऐकलं कुणीच नाही, आणि प्रत्येकानं आपापल्या वहीवर हात आडवा धरला होता. सात वर्षांच्या एखाद्या मुलीला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत कुठं अडखळायला होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. गटकार्य कसं करू नये, याचा हा नमुना डीएडच्या पुस्तकात छापायला हरकत नाही.

•

नुसत्या टपल्या मारून कसं चालेल? जे बघितलं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात सांगलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत दोन तास बसायचा योग आला. शाळा द्विशिक्षकी. त्या दिवशी एक गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेलेले. उरलेल्या बाईंच्या वाट्याला चार वर्ग, शिजणारी खिचडी, कुठल्या तरी ऑनलाइन माहितीसाठी सारखा वाजणारा फोन आणि भरीला मी.

बाईंनी तिसरी-चौथीची मुलं तिघातिघांत बसवली, तीही चिठ्ठ्या टाकून. हुशार कोण, ढ कोण, हे चिठ्ठीला माहीत नसतं. प्रत्येक तिघांना फरशीवर एक चौकोन आणि एकच खडू. नियम असा, की खडू ज्याच्या हातात, त्यानं आपल्या मनानं काही लिहायचं नाही. बाकीचे दोघं सांगतील तेवढंच लिहायचं. पटलं नाही तर ‘का?’ विचारायचं. दर गणिताला खडू पुढच्याकडे.

मला वाटलं, आता गोंधळ होणार. झालाच. पण त्या गोंधळाला कान देऊन बघितलं, तर सगळी पोरं गणिताबद्दलच भांडत होती.

पहिला प्रश्न. सहलीला ५३ मुलं आहेत, एका जीपमध्ये ९ बसतात, तर जीप किती? एका चौकोनात झटक्यात उत्तर आलं: भागाकार पाच, बाकी आठ. बाई म्हणाल्या, ‘बाकी आठ म्हणजे कोण रे?’ तिघंही गप्प. मग त्यातला एक हळूच म्हणाला, ‘म्हंजे आठ पोरं हितंच ऱ्हायली की.’ शेजारच्या चौकोनात खसखस पिकली. त्यांचं उत्तर सहा होतं, आणि सहाव्या जीपमध्ये एक जागा रिकामी, तिथं जेवणाचे डबे ठेवायचे, इथपर्यंत ठरलं होतं. तिसऱ्या चौकोनातून आवाज आला, ‘बाई, वडापमधी चौदा बसत्यात. चारच लागतील. वर तीन जागा शिल्लक.’

बाईंनी तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि तिघांनाही ‘का?’ विचारलं. आठ पोरं मागं राहिलेल्यांनी आपलं उत्तर आपणच खोडलं. वडापवाल्यांचं उत्तर बाईंनी ठेवलं, पण खाली लिहायला लावलं: ‘चौदा बसवले तर.’ गणितात ‘तर’ या शब्दाला काय वजन असतं, ते मला कॉलेजात कळलं. या पोरांना खिचडीच्या आधी कळलं.

ही आठ पोरं फक्त सांगलीतच मागं राहतात असं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: ११२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ बसतात, तर बस किती? शंभरातल्या २९ मुलांनी लिहिलं: ३१, बाकी १२. भागाकार अगदी बरोबर. एकट्यानं कागदावर सोडवलेला. शेजारी कुणी ‘बाकी बारा म्हणजे कोण रे?’ विचारणारं नव्हतं, एवढंच. बारा सैनिक अजून थांब्यावर उभे असतील.

•

दुसरा प्रश्न म्हणजे खेळच होता. कुठलेही तीन वेगळे अंक घ्या. त्यांची मोठ्यात मोठी संख्या लिहा, खाली लहानात लहान, वजाबाकी करा. जे येईल त्याचे अंक घेऊन पुन्हा तेच. थांबायचं कधी? बाई म्हणाल्या, ‘कळेल.’

माझ्या पुढ्यातल्या चौकोनात ८, ३, १ निवडले गेले. ८३१ खाली १३८. खडू शर्टाचं वरचं बटण तुटलेल्या मुलाच्या हातात. दोघांतला एक घाईघाईनं सांगू लागला, ‘आठातून एक गेला, सात. तिनातून तीन, शून्य. आठातून एक, सात.’ सातशे सात. वजाबाकीतली ही जगातली सर्वांत लोकप्रिय चूक असावी. वरचा अंक लहान दिसला की पोरं खालच्यातून वरचा वजा करतात, कुणाकडं मागायला जायचं संकट टळतं.

खडूवाला लिहून मोकळा झाला. तेवढ्यात तिसरी, लांब वेणीची, शेजारच्या चौकोनांत नजर फिरवून म्हणाली, ‘आपल्या मधी शून्य कसा? समद्यांच्या मधी नऊ हाय.’ बघा, हिनं दुसऱ्यांच्या वहीत डोकावलं. आमच्या शाळेत हिला उठवून मागं बसवलं असतं. इथं तिघं पुन्हा खाली वाकले. ‘एकातून आठ जात न्हाईत की!’ ‘मग माग त्येच्याकडं.’ खोडलं, हातचा घेतला, आलं ६९३. बाई तेव्हा खिडकीशी उभं राहून कुणाला तरी फोनवर तांदळाचा हिशेब देत होत्या.

६९३ चं ९६३ वजा ३६९, आलं ५९४. त्याचं ९५४ वजा ४५९, आलं ४९५. त्याचं पुन्हा ९५४ वजा ४५९. पुन्हा ४९५. बटणवाला ओरडला, ‘आडाकलं!’ पलीकडच्या चौकोनातही ‘आडाकलं’. सगळेच ४९५ वर अडकले होते, कुणी एका पायरीत, कुणी पाच पायऱ्यांत.

आता वर्गात जी शांतता पसरली ती दमदाटीनं येत नाही. बाईंनी फोन ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘दर वेळी मधी नऊच का येतोय?’

दहा मिनिटं गेली. मी मनातल्या मनात अक्षरं मांडून बघत होतो, माझी पदवी बावीस वर्षांपूर्वीची आहे. वेणीवाली बोटानं फरशीवर घरं दाखवत बटणवाल्याला समजावत होती. तिचं बोलणं मी जसंच्या तसं टिपून घेतलं. ‘मधल्याकडं वर बी तीन, खाली बी तीन. एककानं मागितला म्हणून त्यानं एक दिला. मग त्येलाच कमी पडलं. मग त्यो शतकाकडं गेला. त्येनं दहा दिलं. पर एक त्यानं आदीच वाटला हुता. म्हणून नऊ.’

बीजगणितात याची सिद्धता दीड ओळीत होते. पण तिनं केलेली सिद्धता मला जास्त आवडली, कारण ती तिनं फळ्यासाठी केली नव्हती. शेजारच्याला कळेना म्हणून केली होती. त्याला पहिल्याच फटक्यात कळलं असतं, तर तिलाही तेवढं कळलं नसतं.

•

ज्या खेळाचा हा धाकटा भाऊ, तो आपल्याच एका मास्तरांचा. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. नोकरी देवळालीच्या शाळेत, १९३० ते १९६२. चार अंकांनिशी हाच खेळ केला की सगळ्या वाटा ६१७४ ला जातात, हे त्यांनी शोधलं. विद्यापीठातल्या बड्या मंडळींनी बराच काळ त्याला पोरखेळ म्हटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. सदर लिहिणारेही कधीमधी उपयोगी पडतात, ते असे. हा खेळ खरोखरच पोरांचा आहे. आपण तो पोरांना द्यायला विसरलो.

कापरेकर बरेचसे एकटे रमले, हे खरं. पण एकटेपणा ही गणिताची अट आहे, असं समजू नका. हंगेरीचे पॉल एर्डोश यांनी दीड हजारांच्या आसपास शोधनिबंध लिहिले आणि पाचशेहून अधिक जणांबरोबर लिहिले. बॅग घेऊन हा माणूस या गणितज्ञाच्या घरून त्या गणितज्ञाच्या घरी मुक्काम हलवत राहिला. आमच्या शाळेत असता तर ‘सारखा जागा सोडून फिरतो’ असा शेरा प्रगतिपुस्तकात पडला असता.

मुलांनी मुलांना शिकवायचं, हीसुद्धा काही परदेशी फॅशन नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासच्या अनाथालयाचं काम बघत होते. तिथल्या देशी शाळांत वाळूवर बोटानं अक्षरं गिरवणारी मुलं त्यांनी बघितली. मग आपल्याकडेही त्यांनी मोठ्या मुलांना धाकट्यांना शिकवायला बसवलं आणि ती पद्धत इंग्लंडला नेली. तिथं तिचं नावच ‘मद्रास पद्धत’ पडलं. आता तीच पद्धत ‘पीअर लर्निंग’ असा कोट-टाय घालून आपल्या इंटरनॅशनल शाळांत परत आलीय, फीसकट. द्विशिक्षकी शाळेत मात्र गुरुजी मीटिंगला गेले की ती आपोआप सुरू होते. तिथं तिला ‘शिक्षकांची कमतरता’ म्हणतात.

•

आणि बाजार बघा. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी चौदाशेहून अधिक मुलं. आठशे ग्रॅम बटाटे, दीड किलो कांदे, नोटेतून परत किती, असले हिशेब ही पोरं तोंडी करतात. तीच गणितं शाळेच्या कागदावर मांडून दिली की बहुतेकांचं घोडं अडतं. उलट शाळेत जाणाऱ्या मुलांचं बाजारात अडतं. बॅनर्जींच्या आई मुंबईच्या पाटणकर, तेव्हा भाजीवाल्याशी हिशेबावरून घासाघीस करणं घरात अगदीच परकं नसावं.

आता यातली माझी एक भर. बाजारातलं गणित कधीच एकटं नसतं. ते मोठ्यानं होतं आणि समोर एक माणूस असतो, ज्याला चूक पकडण्यात रस असतो. ‘ओ काकू, वीस नाय, तीस झाले, कसे सांगतो.’ हे ‘कसे सांगतो’ म्हणजे अख्खी अध्यापनपद्धती आहे. शाळेच्या वहीत चूक पकडणारा एकच, तोही दुसऱ्या दिवशी, लाल शाईनं. तोवर मूल त्या चुकीबरोबर एक रात्र राहून आलेलं असतं.

•

हे सगळं सांगितलं की पालकसभेत पहिल्या रांगेतून हात वर होतो. ‘आमचा मुलगा पुढं आहे हो. बाकीच्यांत बसवला तर ते त्याला मागं खेचतील.’ काका, तुमच्या मुलाला उत्तर येतं. ते का येतं, हे त्याला सांगता येतं का, एवढं बघा. येत असेल तर कुणीही त्याला मागं खेचत नाही. आणि येत नसेल तर तो पुढं नाही, नुसता घाईत आहे.

दुसरा हात: ‘पण परीक्षेत तर एकट्यालाच बसायचंय ना?’ बरोबर. सामन्यात फलंदाजही एकटाच स्ट्राइकवर असतो. म्हणून सराव भिंतीसमोर करतो का?

तिसरा हात मागच्या रांगेतला, शिक्षकाचाच, आणि तो खरा. ‘पोर्शन कधी संपवायचा?’ याला माझ्याकडे विनोदी उत्तर नाही. मतदार याद्या, पोषण आहार, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती यांतून उरलेल्या वेळात चिठ्ठ्या टाकून तिघं तिघं बसवणाऱ्या बाईंना मी काय शहाणपण सांगणार? पण पोर्शन संपवून काय हाती लागतं, तेही बघू. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या दहा मुलांपैकी साधारण तिघांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. पोर्शन त्या दहाही जणांचा संपला होता.

आणि हो, सगळंच गटात करा असं कुणी म्हणत नाही. पाढे ज्याचे त्यानंच पाठ करायचे, तिथं भागीदारी चालत नाही. सरावाची वजाबाकी ज्याची त्यानंच करायची. पण ‘का?’ हा प्रश्न एकट्यानं स्वतःला विचारायला फार मोठं व्हावं लागतं. आठ वर्षांच्या मुलाला तो विचारणारा शेजारी लागतो.

तेव्हा येत्या रविवारी एक करा. घरातलं एक मूल, शेजारचं एक आणि खाली सायकल चालवणारं एक, अशी तीन मुलं गोळा करा. त्यांना तीन वेगळे अंक निवडू द्या. उत्तर ४९५ येतं, ते मी फोडलेलंच आहे. मधे नऊ का येतो, एवढंच विचारा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. आवाज वाढला तरी बाहेर येऊ नका. ग्रुपवर उत्तर टाकू नका. कागद एक द्या. आणि पेन्सिलही एकच.